मेघ वाटेत पाणी पितो : पूर्वमेघाचे एक वाचन

आषाढाच्या पहिल्या दिवशी आपल्या बहुतेक मराठी मंडळांतून कालिदास दिन साजरा होतो. 'मेघदूता'वर एखादे व्याख्यान होते, मराठी अनुवादांतले निवडक श्लोक म्हटले जातात, आणि अलकानगरीच्या व विरहिणी यक्षपत्नीच्या वर्णनाशी कार्यक्रमाची सांगता होते. पूर्वमेघाच्या वाट्याला त्या मानाने थोडा वेळ येतो, आणि येतो तोही बहुधा नकाशाच्या रूपाने. रामगिरी म्हणजे रामटेक की सरगुजातील रामगढ, आम्रकूट म्हणजे अमरकंटकच का, निर्विन्ध्या कोणती नदी, देवगिरी कुठला डोंगर, असे प्रश्न निघतात. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्यासारख्या व्यासंगी पंडितांनी या स्थलनिश्चितीसाठी घेतलेले परिश्रम मोलाचे आहेत यात शंका नाही. परंतु या चर्चेच्या गर्दीत एक साधा प्रश्न मागे पडतो. रामगिरीवरून निघालेला मेघ कैलासाच्या कुशीतल्या अलकेपर्यंत पोहोचतो, तो कशाच्या बळावर?

प्रश्न दिसतो तितका बाळबोध नाही. मेघदूतावर एक जुना आक्षेप असा घेतला जातो, की निरोप इतका निकडीचा आणि दूत मात्र इतका रेंगाळणारा. यक्ष एकीकडे प्रियेच्या प्राणांची चिंता करतो आणि दुसरीकडे मेघाला डोंगरावर विसावायला, नद्यांना भेटायला, उज्जयिनीची वाट वाकडी असली तरी ती पाहूनच पुढे जायला सांगतो. या आक्षेपाला रसिक सहसा असे उत्तर देतात, की प्रेमिकाच्या मनाला काळवेळाचे भान नसते, किंवा कवीला आपल्या आवडत्या माळव्याचे वर्णन करण्याचा मोह आवरला नाही. दोन्ही उत्तरे चुकीची नाहीत, पण दोन्ही अपुरी आहेत. माझ्या मते मेघाचे थांबे हा प्रवासातला विलंब नसून प्रवासाची अटच आहे. पूर्वमेघ त्या दृष्टीने वाचला, तर त्याची रचना अधिक घट्ट दिसू लागते.

यक्ष वाट सांगायला आरंभ करतो तेव्हाच मेघाला एक नियम घालून देतो. थकशील तेव्हा डोंगरमाथ्यावर पाय टेक, आणि क्षीण होशील तेव्हा प्रवाहांचे हलके पाणी पी. या नियमाचे पालन पुढे किती काटेकोरपणे झाले आहे ते पाहावे. आम्रकूटावर वणवा लागला आहे. मेघ आपल्या धारांनी तो विझवतो, आणि उपकार जाणून तो पर्वत त्याला माथ्यावर घेतो. पाणी दिल्यामुळे मेघ हलका होतो आणि त्याची चाल वाढते. लगेच विंध्याच्या पायथ्याशी खडकांतून फुटत जाणारी रेवा लागते. तिथे यक्ष स्पष्ट सांगतो, की पाऊस ओतून रिकामा झालास तर हिचे पाणी घे, मग तू आतून भरीव होशील आणि वारा तुला उधळून लावू शकणार नाही. रिकामेपणाने हलकेपणा येतो आणि भरलेपणाने गौरव येतो, हे सुभाषितासारखे वचन याच प्रसंगी येते. आपण ते व्यवहारात उद्धृत करतो, पण मूळ ठिकाणी ते अगदी शब्दशः पाण्याविषयी आहे, हे विसरतो.

पुढेही हाच क्रम आहे. विदिशेला वेत्रवती, मग निर्विन्ध्या, उज्जयिनी सोडल्यावर गंभीरा, नंतर चर्मण्वती, कुरुक्षेत्राजवळ सरस्वती, मग गंगा, आणि अलकेच्या उंबरठ्यावर मानस सरोवर, इतक्या ठिकाणी मेघ पाणी घेतो. मधल्या अंतरात बागांतल्या जुईच्या कळ्यांवर शिंपण करतो, सिंधू नदीची कृशता घालवतो, हिमालयातला वणवा विझवतो. आयुष्य शासकीय सेवेत गेल्यामुळे असेल, मला तरी यात एक चोख जमाखर्च दिसतो. जमेशिवाय खर्च नाही आणि खर्च केल्याशिवाय पुढची जमा नाही. हीच दृष्टी कालिदासाने 'रघुवंशा'च्या आरंभी राजाला लावली आहे. दिलीप प्रजेकडून कर घेतो तो सूर्य पाणी शोषतो तसा, सहस्रपटीने परत देण्यासाठी. देणे आणि घेणे यांचे हे चक्र कवीच्या मनात पक्के बसलेले होते, आणि मेघदूतात त्याने ते एकाच मेघाच्या अंगी उतरवले. रामगिरीवर भरलेले पाणी घेऊन कोणताही मेघ अलकेला पोहोचू शकत नाही. वाटेतल्या भूमीने त्याला पुन्हा पुन्हा भरले तरच तो पोहोचेल.

मराठीत मेघदूताचे अनुवाद विपुल आहेत. कृष्णशास्त्री चिपळूणकरांपासून चिंतामणराव देशमुख, बा. भ. बोरकर, कुसुमाग्रज, शान्ता शेळके यांच्यापर्यंत ही परंपरा चालत आली आहे, आणि मराठी रसिकाला तिचा सार्थ अभिमान आहे. आपल्या रसग्रहणांचा भर मात्र नद्यांच्या नायिकारूपावर राहिला. मेघ वेत्रवतीचे पाणी पितो म्हणजे तिच्या मुखाचे चुंबन घेतो, हे आपण कौतुकाने सांगतो. परंतु चुंबनाच्या रूपकाखाली तो खरोखर पाणी पितो आहे, आणि प्यायला नाही तर पुढच्या मुक्कामी विरून जाईल, हे सांगायचे राहून जाते. रूपक हे पात्र झाले; त्यातले पाणी आपण बाजूला ठेवले.

याचे कारण, मला वाटते, आपल्या वाङ्मयीन सवयीत आहे. मराठी साहित्यात पाऊस पडतानाची वर्णने मोजता येणार नाहीत इतकी आहेत. पाऊस वर जातानाचे वर्णन मात्र जवळजवळ नाही. झाडाला आपण सोयरे मानले, सावलीसाठी, फळासाठी, लाकडासाठी मानले. दुर्गाबाई भागवतांच्या 'ऋतुचक्रा'ने झाडांची पालवी, फुलोरा आणि पानगळ महिन्यामहिन्याने पाहायला शिकवले. २०२५ साली निवर्तलेल्या मारुती चितमपल्लींनी वनाधिकारी म्हणून नवेगावबांधच्या जलाशयाकाठी वर्षे काढली आणि पाणथळीचे पक्षिजीवन मराठीत प्रथमच इतक्या समृद्धपणे आणले. ही आपली मोठी कमाई आहे. तरीही पानातून वर निघालेली वाफ म्हणजे दुसऱ्या गावाचा पाऊस, ही जाणीव आपल्या ललित लेखनात रुजलेली दिसत नाही. ढग समुद्रावरून येतो, डोंगराला अडतो आणि पडतो, येथे आपले पावसाचे शास्त्र संपते. शाळेच्या पुस्तकानेही आपल्याला तेवढेच शिकवले होते.

आता याविषयी अधिक निश्चित ज्ञान उपलब्ध आहे. समुद्रावरून आलेले बाष्प पावसाच्या रूपाने जमिनीवर पडते. त्यातला काही भाग वाहून जातो, काही मुरतो, आणि काही ओल्या मातीवरून, तळ्यांवरून व झाडांच्या पानांतल्या सूक्ष्म रंध्रांतून पुन्हा हवेत जातो. हेच बाष्प वाऱ्याबरोबर पुढे सरकून आणखी एकदा पाऊस होते. ब्राझीलचे शास्त्रज्ञ एनेआस सालाती यांनी १९७० च्या दशकात पावसाच्या पाण्यातील ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे प्रमाण तपासून दाखवले, की अटलांटिकवरून आलेला ओलावा ॲमेझॉनच्या अरण्यावरून पश्चिमेकडे जाताना अनेकदा पडतो आणि पुन्हा उठतो, आणि तेथील पावसाचा सुमारे निम्मा भाग अरण्याने परत केलेल्या पाण्याचा असतो. भारतात समुद्र जवळ आहे आणि मोसमी वारे प्रबळ आहेत, त्यामुळे आपल्याकडे हे प्रमाण त्याहून कमी असते. तरी ते नगण्य नाही. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील सुबिमल घोष व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार भूमीने परत केलेल्या पावसाचा वाटा मोसमाच्या आरंभी थोडा असतो आणि पुढे वाढत जातो. मोसम सरताना, सप्टेंबरच्या सुमारास, गंगेच्या मैदानात तो पाचव्या ते चौथ्या हिश्शापर्यंत पोहोचतो. याच गटाने २०१६ मध्ये असे दाखवले, की वृक्षाच्छादित जमिनीची शेतजमीन झाल्याने हवेत परत जाणारे बाष्प घटते आणि मोसमी पाऊस दुबळा होण्यास त्याचा हातभार लागतो. २०१८ मधील त्यांचा निष्कर्ष तर विशेष मननीय आहे. नैर्ऋत्य मोसमात तामिळनाडूत जो पाऊस पडतो, त्याच्या ओलाव्यात पश्चिम घाटातील अरण्यांचा वाटा सरासरी सुमारे ४० टक्के असतो. सह्याद्रीतल्या झाडाने उच्छ्वास टाकावा आणि पाणी तमिळ शेतकऱ्याच्या बांधात साठावे, असा हा व्यवहार आहे.

माळव्याच्या दृष्टीने याचा अर्थ काय? आपल्याकडे अरबी समुद्राच्या शाखेबरोबरच बंगालच्या उपसागरात निर्माण होणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांमुळे मोठा पाऊस होतो. ही क्षेत्रे ओडिशा, छत्तीसगड ओलांडून पश्चिम-वायव्येकडे सरकत येतात. अमरकंटक, विदिशा, उज्जैन ही कालिदासाच्या मेघाची वाट ढोबळमानाने हीच आहे. उत्तरेला निघालेला मेघ इतका पश्चिमेकडे का वळतो, यावर टीकाकार अडतात. माळव्यात पावसाळे काढलेल्या माणसाला मात्र पूर्वेकडून चढत येणारे ढग परके नाहीत. शेकडो कोस जमिनीवरून चालत आलेला तो पाऊस असतो, आणि वाटेतली सालवने, भातखाचरे, तळी यांनी त्यात आपले पाणी मिसळलेले असते.

येथे दोन इशारे देणे आवश्यक आहे. पहिला इशारा आपल्या घोषणांबद्दल. 'झाडे लावा, पाऊस आणा' हे वाक्य भिंतीवर शोभते, पण हिशेब इतका सरळ नाही. हा वाद जुना आहे. भारताच्या वेधशाळा खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफोर्ड यांनी १८८७ मध्ये मध्य प्रांतातील आकडे मांडून म्हटले होते, की १८७५ च्या सुमारास तेथील जंगलांना वणव्यांपासून आणि फिरत्या शेतीपासून संरक्षण मिळाल्यानंतर पाऊस वाढलेला दिसतो. पुढे त्याच खात्याची धुरा सांभाळणाऱ्या गिल्बर्ट वॉकर यांच्यासारख्या संख्याशास्त्रज्ञाला अशा पुराव्याने समाधान झाले नाही. पाऊस मुळातच वर्षावर्षाला इतका हेलकावतो, की दहा वर्षांच्या वाढीवरून कारण ठरवता येत नाही. ही सावधगिरी योग्य होती. शिवाय झाड स्वतः पाणी खर्च करते. मोकळ्या गवताळ रानावर भराभर वाढणारी झाडे दाटीने लावली, तर जवळचा ओढा आटल्याची उदाहरणे जगभर नोंदलेली आहेत. अरण्य वर पाठवते ते पाणी त्याच गावी पडेल याचीही हमी नसते. अरण्याचा उपकार बहुधा वाऱ्याच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या, ते अरण्य कधीही न पाहिलेल्या माणसावर होतो. म्हणूनच त्याची दाद घ्यायला कोणी पुढे येत नाही.

दुसरा इशारा आपल्या अभिमानाबद्दल. कालिदासाला हे सारे शास्त्र ठाऊक होते, असा निष्कर्ष कोणी काढू नये. धूर, तेज, पाणी आणि वारा यांचा समुदाय म्हणजे मेघ, असे तो म्हणतो. आजच्या भाषेत सूक्ष्म कण, उष्णता, बाष्प आणि वारा हे चारही घटक त्यात सापडतात, हे खरे. पण तो ते सांगतो मेघाचे निर्जीवपण दाखवण्यासाठी, की अशा वस्तूकडून निरोप काय पोहोचणार. आणि त्याचा मेघ पाणी पितो तो बहुतेक नद्यांतूनच. अरण्यावर तो पाणी ओततो, अरण्यात विसावतो, पण अरण्याकडून पाणी घेत नाही. नदीच्या पृष्ठभागापेक्षा अरण्यातल्या एकूण पानांचे क्षेत्र कितीतरी मोठे असते आणि खरा मेघ त्या न दिसणाऱ्या वाफेवर अधिक भरतो, हे कवीला माहीत असण्याचे कारण नव्हते. त्याच्या जमाखर्चात अरण्याची जमा नोंदायची राहिली आहे.

तरीही एका ठिकाणी त्याच्या निरीक्षणाने या उणिवेवर मात केली आहे. रेवेचे पाणी घे, असे यक्ष सांगतो तेव्हा ते पाणी कसे आहे हेही सांगतो. रानहत्तींच्या मदाने ते गंधित झाले आहे आणि जांभळीच्या दाट राईने त्याचा वेग अडवला आहे. म्हणजे मेघ जे पाणी पितो त्यात अरण्य आधीच उतरलेले आहे. काठच्या झाडांनी प्रवाह रोखला, पाणी थबकले, पसरले, म्हणून ते पिण्याजोगे उरले. लगेच पुढच्या श्लोकात दलदलीच्या कडेकडेने कंदलीला पहिले कोंब फुटतात. दशार्ण देशात जांभळीच्या राया पिकल्या फळांनी काळवंडल्या आहेत आणि हंस काही दिवस मुक्काम करतात. गंभीरेच्या काठी वेताच्या फांद्या पाण्याला टेकल्या आहेत. शिप्रेवरचा पहाटवारा कमळांचा गंध आणि सारसांचा आवाज घेऊन येतो. सारस हा पाणथळीचा पक्षी आहे. उथळ, संथ, गवताळ पाणी नसेल तर तो राहत नाही. मेघ जिथे जिथे पाणी घेतो त्याच्या आसपास कालिदासाने थांबलेल्या पाण्याची खूण ठेवली आहे.

पाणथळीचे पावसाशी नाते आजही पूर्ण उलगडलेले नाही, पण काही गोष्टी स्पष्ट झाल्या आहेत. आफ्रिकेत माली देशात नायजर नदी एका विस्तीर्ण सपाटीवर पसरते. इंग्लंडमधील ख्रिस्तोफर टेलर यांनी उपग्रहांच्या नोंदींवरून २०१० मध्ये दाखवले, की पसरलेल्या थंड पाण्यावर स्वतः ढग कमी उठतात, परंतु त्या प्रदेशात वादळी ढगांना चालना मिळते आणि ते पश्चिमेकडे सरकत दूरवर परिणाम करतात. येथेही देणारा एक आणि घेणारा दुसरा. आमच्या महसुली कामात असल्या जमिनीसमोरचा उत्पन्नाचा रकाना मी नेहमी कोराच पाहिला. तो रकाना वाऱ्याच्या दिशेने कुठे तरी दूर भरला जातो, हे त्या कागदात बसण्यासारखे नव्हते.

आता मेघाच्या वाटेची आजची स्थिती पाहू. इंदूर शहर १९७८ पासून नर्मदेचे पाणी पिते. २०१४ मध्ये नर्मदा-क्षिप्रा सिंहस्थ जोडयोजना पुरी झाली. ओंकारेश्वर प्रकल्पाचे पाणी पंपांनी सुमारे साडेतीनशे मीटर वर चढवून क्षिप्रेच्या उगमाशी सोडले जाते. २०१६ च्या सिंहस्थात भाविकांनी स्नान केले ते या पाण्यात. २०२८ चा सिंहस्थ आता तोंडावर आला आहे, आणि नदीला स्वतःचे वाहते पाणी कसे मिळेल हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आहे. रेवेचे पाणी उचलून शिप्रेच्या प्रदेशात आणणे हे काम कालिदासाच्या काव्यात मेघ करीत होता. आज ते वीज करते. तहानलेल्या गावांसाठी ही योजना आवश्यक असेलही, तिच्याविरुद्ध माझे म्हणणे नाही. पण नळाने आलेले पाणी फक्त नळाच्या तोंडाशी पडते. वाटेतली जुई, आम्रकूटाचा वणवा, सिंधूची कृशता यांचा विचार त्याला करता येत नाही.

उज्जैन जिल्ह्यात आज वनक्षेत्र भूभागाच्या एक टक्काही नाही. दुसरीकडे एक दिलासाही आहे. कालिदासाची गंभीरा म्हणजे आजची गंभीर नदी. होळकरांच्या काळात तिच्यावर यशवंतसागर बांधला गेला, आणि २०२२ मध्ये यशवंतसागर व सिरपूर तलाव या दोन्हींची नोंद आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत झाली. जानेवारी २०२५ मध्ये इंदूर व उदयपूर यांना रामसर कराराखाली पाणथळ-नगरीचा मानही मिळाला. आपल्या पूर्वजांच्या राजवटीत पिण्याच्या पाण्यासाठी साठवलेले जलाशय आज पक्ष्यांचे आणि हवेतल्या ओलाव्याचेही आश्रय ठरले आहेत. त्यांच्या काठावरचे गवत आणि उथळ किनारे राखायचे, की शोभेसाठी भिंती बांधून फरसबंदी करायची, हा निर्णय मात्र दर वर्षी नव्याने होत असतो. त्यात आपल्यासारख्या दोनशे वर्षांच्या रहिवाशांनी बोलायला हवे. हे केवळ नगररचनेचे काम आहे असे समजून गप्प राहणे बरे नव्हे.

साहित्याच्या अभ्यासकाने या प्रकरणात काय करावे, असा प्रश्न कोणी विचारील. झाड लावणे व तळे राखणे हे त्याने नागरिक म्हणून करावेच. अभ्यासक म्हणून त्याने जुने काव्य नव्या प्रश्नासह वाचावे. पूर्वमेघाला आपण आजवर प्रस्तावना मानले. वास्तविक निरोप पोहोचवण्याची सारी जबाबदारी त्याच भागावर आहे. आमच्या मंडळाच्या पुढल्या कालिदास दिनी रेवेपासून चर्मण्वतीपर्यंतचा भाग सलग वाचला जावा, आणि मेघाने कुठे दिले व कुठे घेतले याची नोंद श्रोत्यांनी कागदावर करीत जावी, अशी माझी विनंती आहे. यक्षाच्या विरहाची गोडी त्याने उणावणार नाही. त्याचा निरोप अलकेला पोहोचण्यासाठी वाटेवरचे काय काय शाबूत असावे लागते, एवढे मात्र त्या कागदावर उतरेल.